पुळणीवरची राखण

हा अंक आपल्या हाती येईल तेव्हा कोकणात भाताची झोडणी आटपत आलेली असेल आणि पावसाळ्यात गढुळलेला समुद्र निवळलेला असेल. याच सुमारास वेळास, आंजर्ले, गुहागर इथल्या कासवमित्रांच्या फेऱ्या सुरू होतात. नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत ऑलिव्ह रिडले जातीच्या माद्या रात्री पुळणीवर चढतात, वाळू उकरून शंभर-सव्वाशे अंडी घालतात, खड्डा बुजवतात आणि तासाभरात पाण्यात परततात. पिल्लांचे तोंड त्या कधीच पाहत नाहीत. पुढचे दीड-दोन महिने त्या अंड्यांना कोणी वाली नसतो. गावाच्या वाट्याला आलेले पाणी, जंगल, किनारा आपणहून राखणाऱ्या माणसांना आम्ही यंदाचा दिवाळी अंक वाहिला आहे, आणि त्यांच्यात पहिला मान या कासवमित्रांचा आहे.

रत्नागिरी जिल्ह्यात या कामाला तोंड फुटले ते 2002 साली. चिपळूणच्या ‘सह्याद्री निसर्ग मित्र’ या संस्थेचे भाऊ काटदरे आणि त्यांचे सहकारी पांढऱ्या पोटाच्या समुद्रगरुडाची पाहणी करत मंडणगड तालुक्यातल्या वेळासला पोचले होते. नाना फडणवीसांचे हे गाव. किनाऱ्यावर त्यांना कासवांच्या अंड्यांची टरफले दिसली. त्या काळी घरटी सापडली की अंडी उकरून नेली जात, खाल्ली जात, विकलीही जात. माणसांच्या हातून सुटलेली कोल्हे आणि कुत्री फस्त करत. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात हे कासव पहिल्या अनुसूचीत आहे, म्हणजे वाघाच्या पंगतीला. पण रात्री दोन वाजता ओल्या वाळूत कायदा उभा नसतो. तिथे गावातला माणूसच उभा राहावा लागतो. अंडी कुठे असतात, मादी कोणत्या भरतीला वर येते, माग कसा ओळखायचा, हे ज्ञानही त्याच्याचपाशी होते. ते अंडी काढण्याऐवजी अंडी राखण्याकडे वळवणे, हे या चळवळीचे सर्वांत मोठे यश आहे, असे आम्ही मानतो.

हे काम दुरून सोपे वाटते. प्रत्यक्षात ते कष्टाचे आणि फार नाजूक आहे. उजाडण्याआधी सबंध किनारा चालून काढायचा, कारण दिवस वर आला की माग पुसले जातात आणि कावळे-कुत्री जागा हेरतात. मादीच्या वल्ह्यांनी ओढलेला माग सापडला की तो जिथे संपतो तिथली भुसभुशीत वाळू काठीने अलगद चाचपायची. घरटे भरतीच्या टप्प्यात किंवा वर्दळीच्या जागी असेल तर अंडी हलवावी लागतात. अंडे ज्या बाजूवर असेल त्याच बाजूवर उचलायचे. फिरले तर आतला जीव दगावू शकतो. कुंपण घातलेल्या जागेत मूळ घरट्याएवढाच खोल, तळाशी रुंद आणि तोंडाशी अरुंद खड्डा करून ती पुन्हा पुरायची, वर तारीख आणि अंड्यांची संख्या लिहिलेली पाटी लावायची. दिवस भरत आले की घरट्यावर टोपली पालथी घालून सकाळ-संध्याकाळ ती उचलून पाहायची. पिल्ले वर आली तरी त्यांना पाण्यात नेऊन सोडायचे नाही, वाळूवरून स्वतःच्या पायांनी जाऊ द्यायचे. हंगामभर हे असेच चालते. घरात लग्नकार्य असो की आजारपण, पहाटेची फेरी कोणीतरी करतोच. मानधन मिळते ते हंगामापुरते आणि बेताचे.

2006 पासून वेळासला कासव महोत्सव भरू लागला. पिल्ले पाहायला आलेली माणसे गावातल्या घरांतच उतरतात. उकडीचे मोदक, सोलकढी, घावन रांधणाऱ्या बायकांच्या हाती त्यातून चार पैसे येतात. 3 जून 2020 च्या निसर्ग चक्रीवादळाने या पट्ट्यातल्या नारळी-पोफळीच्या बागा आडव्या केल्या. बाग पुन्हा धरायला वर्षे लागतात. घर चालवायला दुसरा आधार असला तर ती वर्षे कशीबशी निभावता येतात, आणि किनारा राखण्यात गावाचा स्वार्थही आहे हे अशा वेळी उघड दिसते. त्या स्वार्थात आम्हाला काही गैर वाटत नाही.

गुहागरची गोष्ट जरा वेगळी. व्याडेश्वराचे हे छोटे शहर. नगरपंचायत आहे, बाजार आहे, पर्यटक आहेत, आणि लांबलचक पुळण थेट वस्तीला लागून आहे. तरीही कासवे इथे मोठ्या संख्येने येतात. फेब्रुवारी 2023 मध्ये इथे दोन माद्यांना उपग्रह टॅग लावले, त्यांची नावे ‘बागेश्री’ आणि ‘गुहा’. बागेश्री दक्षिणेला जात श्रीलंकेला वळसा घालून बंगालच्या उपसागरात पोचली. मग जानेवारी 2025 मध्ये उलट दिशेचा पुरावा आला: 2021 साली ओडिशाच्या गहिरमाथा किनाऱ्यावर बिल्ला लावलेली मादी गुहागरच्या वाळूत अंडी घालायला आली. पूर्व आणि पश्चिम किनाऱ्यांची कासवे वेगवेगळी मानण्याचा प्रघात त्यामुळे पुन्हा तपासावा लागतो आहे. पुळणीवर दररोज चालणारी, बिल्ला दिसला तर त्याची किंमत जाणणारी माणसे असली, तरच असा पुरावा हाती लागतो.

आता आम्हाला जे बोलायचे आहे ते. आपण या माणसांचे कौतुक करतो, त्यांना शाल-श्रीफळ देतो, आणि किनाऱ्याविषयीचे निर्णय मात्र त्यांच्याविना घेतो. धूप थांबवायला दगडी बंधारा कुठे घालायचा, सुरूची लागवड कुठवर आणायची, हॉटेलांचे दिवे आणि वाळूवरच्या गाड्या कुठे थांबवायच्या, यातल्या प्रत्येक गोष्टीने मादीला वर चढायची जागा मिळते किंवा जाते. पिल्लू नर होणार की मादी हे वाळूच्या उष्णतेवर ठरते. जास्त उबेत माद्या अधिक निपजतात. वाळू तापत चालली असताना कोणती घरटी जागीच ठेवायची, कोणती हलवायची, हा प्रश्नही दरवर्षी कठीण होत जाणार. या सगळ्यावर अनुभवाने बोलू शकेल असा माणूस गावातच आहे. तो पहाटेच्या फेरीपुरता आपला आणि बैठकीपुरता परका, हे आम्हाला अन्यायाचे वाटते.

या अंकात कासवमित्रांबरोबर देवराया राखणारी गावे, भंडारा-गोंदियाचे मालगुजारी तलाव जिवंत ठेवणारे ढीवर, आणि सामूहिक वनहक्क मिळवून आपले जंगल आपण सांभाळणारे गडचिरोलीतले मेंढा (लेखा) यांच्यावर लेख आहेत. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांच्या ‘कासव’ या सुवर्णकमळ विजेत्या चित्रपटाविषयीही एक टिपण आहे. लेखक मुक्कामाला राहून, माणसांशी बोलून लिहिते झाले आहेत. भाबडे कौतुक टाळा, एवढीच विनंती आम्ही त्यांना केली होती.

एक मागणी मात्र संपादक म्हणून इथेच नोंदवतो. 2019 च्या किनारा नियमन अधिसूचनेत कासवांच्या विणीच्या जागा सर्वांत कडक संरक्षणाच्या वर्गात धरल्या आहेत. ती जागा विणीची आहे याचा भक्कम पुरावा कासवमित्रांच्या नोंदवह्यांत आहे: कोणत्या तारखेला, किनाऱ्याच्या कोणत्या भागात, किती अंडी. या नोंदवह्या गावनिहाय छापाव्यात, त्यांची एक प्रत प्रत्येक ग्रामपंचायतीत आणि नगरपंचायतीत ठेवावी, आणि किनाऱ्यावरच्या कोणत्याही बांधकामाला परवानगी देण्याआधी ती नोंद लिहिणाऱ्या माणसाला समोर बसवून वाचावी. नव्या हंगामाची पाने आता उघडतीलच. काम याच वर्षी सुरू करता येईल.