किरकोळ कामाचा गरुड

‘गाडी मस्त आहे, थोडं किरकोळ काम बाकी आहे.’ जुन्या गाडीच्या व्यवहारात हे वाक्य न ऐकलेला माणूस विरळा. फौजेत दर दोन-तीन वर्षांनी बदली, त्यामुळे आमच्याकडे ते जरा जास्तच ऐकू येतं. माझं मत सरळ आहे. काम खरंच किरकोळ असेल तर विकणाऱ्याने ते करून द्यावं. करायचं नसेल तर काय बाकी आहे आणि किती खर्च येईल, ते लिहून द्यावं. यापलीकडचं सगळं म्हणजे झाकली मूठ.

हा विषय निघाला तो माझ्या एका कोर्समेटच्या ‘सॅन स्टॉर्म’मुळे. नव्या मंडळींना हे नाव माहीत नसेल. १९९८च्या सुमारास आलेली, गोव्यात बनलेली ही दोन आसनांची, उघड्या टपाची स्पोर्ट्स कार. अंग फायबरग्लासचं, इंजिन रेनॉचं, ११४९ सीसी. रस्त्यावर फार कमी आल्या, आणि आता नवी मिळत नाही. कोर्समेटने ती गोव्यातच दुसऱ्या हाताने घेतली. चाकं, सीट, सायलेन्सर आणि खुद्द इंजिन आधीच्या मालकाने बदललेलं. आता याची बदली ईशान्येला झाली आहे. गिऱ्हाईक मिळालं ते नाचियार्कोविलचं, पितळी समया ओतणाऱ्या घरातलं. माझं पोस्टिंग तमिळनाडूत, म्हणून मध्यस्थी माझ्याकडे आली.

नाचियार्कोविल कुंभकोणमपासून दहाएक किलोमीटरवर. इथली कुत्तुविळक्कु, म्हणजे उभी समई, प्रसिद्ध आहे. बैठक, दांडा, तेलाचं तबक आणि वरचा शेंडा असे भाग वेगवेगळे ओततात आणि आट्यांनी एकमेकांत बसवतात. एक भाग बिघडला तर तेवढाच बदलता येतो. असं काम करणाऱ्या माणसाला गाडीत बदल केलेत याचं काहीच वाटलं नाही. त्याने दोनच प्रश्न विचारले: नेमकं काय बदललं, आणि काढलेले मूळ भाग कुठे आहेत?

मला हे दोन्ही प्रश्न अगदी फौजी वाटले. आमच्याकडे चार्ज देताना ‘स्टोअर साधारण ठीक आहे’ असं कुणी लिहीत नाही. काय आहे, काय कमी आहे, काय नादुरुस्त आहे, याची यादी होते आणि दोघांच्या सह्या होतात. सरकारी जीपचं लॉगबुक काटेकोर ठेवणारा अधिकारी स्वतःची गाडी विकताना मात्र तोंडी कारभार करतो, हे मला पटत नाही.

मॉडिफाय केलेल्या गाडीत तर यादी हवीच. फायबरग्लासवरची बारीक चीर रंगाने झाकते. पण ती बिजागरीपासून किंवा बोल्टच्या भोकापासून निघाली असेल तर तिथे ताण येतोय, आणि खालची लोखंडी चौकट तपासायला हवी. अंग गंजत नाही म्हणून चौकट गंजत नाही असं नव्हे. ‘थोडं तेल गळतं’ यातही दहा रुपयांचं वॉशर असू शकतं किंवा पूर्ण इंजिन उतरवण्याचं काम.

कागदांचं त्याहून कठीण. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२नुसार इंजिन बदलायचं तर आरटीओची परवानगी लागते, आणि निर्मात्याच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल चालत नाहीत. सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०१९मध्ये हेच ठामपणे सांगितलं. कोर्समेटच्या आरसीवर अजून जुना इंजिन नंबर आहे. फोनवर तो म्हणाला, “अरे, कागदाचं किरकोळ आहे, तो करून घेईल.” मी म्हटलं, “मग तूच करून दे. तोवर किल्ली माझ्याकडे.”

तो चिडला, पण यात त्याचंही हित आहे. आरसीवर ज्याचं नाव, अपघाताच्या भरपाईची जबाबदारी त्याचीच, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१८मध्ये स्पष्ट केलं आहे. गाडी नाचियार्कोविलला धावेल आणि नोटीस तेजपूरला येईल. म्हणून परराज्यात विकताना फॉर्म २८ची ना-हरकत, २९ आणि ३० हे सोपस्कार नव्हेत.

‘क्लासिक’ हा शब्दही जपून वापरावा. २०२१च्या नियमांप्रमाणे व्हिंटेज नोंदणीला गाडी पन्नास वर्षांहून जुनी आणि मूळ रूपात लागते. इंजिन बदललेल्या स्टॉर्मला पन्नाशीनंतरही तो मान मिळणं कठीण. नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा.

यादी दिली तर किंमत पडते, असं म्हणतात. पडते, खरं आहे. पण ती तेवढीच पडते जेवढं काम आहे. यादी नसली तर शहाणं गिऱ्हाईक वाईटात वाईट धरून भाव करतं आणि भोळं गिऱ्हाईक नंतर शिव्या देतं. बदल करणं हा गुन्हा नाही, सुटे भाग मिळेनासे झाले की गाडी अशीच जगते. पण ती कशी जगवली, हे पुढच्याला कळायला हवं.

नाचियार्कोविलच्या देवळात दगडी गरुड आहे. उत्सवात त्याला उचलायला सुरुवातीला चौघे पुरतात, पुढे आठ लागतात, मग सोळा, मग बत्तीस. बाहेर येईल तसा तो जड होत जातो, अशी श्रद्धा आहे. किरकोळ कामाचं असंच असतं. विकणाऱ्याच्या फाटकात ते चौघांचं, गिऱ्हाइकाच्या दारात बत्तिसांचं. फरक एवढाच, की गरुडाचा भार परतताना उतरतो. विकलेली गाडी परतत नाही.