बेताल कोण ठरवणार?

एखादे गाणे कानावर पडले, पण पाय ठेक्यात पडला नाही, मान डोलली नाही, की आपण लगेच निकाल देऊन मोकळे होतो. हा गोंगाट आहे, हे बेसूर आहे, यांना वाजवता येत नाही! 'मॅथ रॉक' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या संगीतावर गेली तीस-पस्तीस वर्षे हाच आरोप होत आहे. आम्ही व्यवसायाने वकील आहोत. आरोप ऐकला की आमचा पहिला प्रश्न ठरलेला असतो : कोणत्या कलमाखाली? नियम कोणता, तो कोणी केला आणि आरोपीला तो लागू होतो काय?

प्रथम आरोपीची ओळख करून घेऊ. अमेरिकेतील केंटकी राज्यात लुईव्हिल नावाचे शहर आहे. तेथील विशीच्या आसपासच्या चार तरुणांचा 'स्लिंट' नावाचा बँड होता. घराच्या तळघरात ते एकच तुकडा पुन्हा पुन्हा घोटत. ऑगस्ट १९९० मध्ये शिकागोच्या एका स्टुडिओत त्यांनी अवघ्या चार दिवसांत एक अल्बम ध्वनिमुद्रित केला. 'स्पायडरलँड' नावाने तो मार्च १९९१ मध्ये बाहेर आला, तोपर्यंत बँड फुटलाही होता. सुरुवातीला तो फारसा विकला गेला नाही. आज मात्र या प्रकारच्या संगीताचा पाया म्हणून त्याचेच नाव घेतले जाते. पिट्सबर्गचा 'डॉन कॅबालेरो' आणि शिकागोचा 'शेलॅक' हे बँड याच वाटेने गेले. 'मॅथ' म्हणजे गणित हे बिरूद त्यांनी स्वतः लावून घेतलेले नाही. ते इतरांनी चिकटवले, तेही अर्धे थट्टेने.

आता आरोपाचा पहिला भाग, म्हणजे ताल. सर्वसाधारण रॉक गाणे चार मात्रांत चालते. मॅथ रॉकमध्ये पाच, सात, अकरा, तेरा अशा मात्रा येतात. यात मराठी वाचकाने दचकण्याचे कारण नाही. रूपक तालाच्या सात मात्रा तीन-दोन-दोन अशा विभागलेल्या असतात, झपतालाच्या दहा मात्रा दोन-तीन-दोन-तीन अशा. फरक इतकाच की, आपल्याकडे ताल एकदा ठरला की प्रत्येक आवर्तन त्याच मापाचे असते आणि सम ठरल्या जागी येते. मॅथ रॉकमध्ये हे मापच बदलते. सातचे दोन फेरे, मग पाचचा एक, मग एकदम आठ. समेची वाट पाहणारा कान तोंडघशी पडतो. दुसरी युक्ती याहून गमतीची आहे. गिटारवाला पाचाच्या मापात वाजवतो आणि ड्रमवाला चाराच्या. दोघे एकमेकांपासून दूर जातात, भांडतात असे वाटते आणि बरोबर विसाव्या मात्रेनंतर पुन्हा एका ठोक्यावर भेटतात. ती भेट ज्याला एकदा कळली, त्याला या संगीताचा आनंद कळला असे आम्ही समजतो.

आरोपाचा दुसरा भाग बेसूरपणाचा. पेटीची पांढरी पट्टी आणि लगतची काळी पट्टी एकदम दाबून पाहा. खरखर ऐकू येईल. याचे कारण भौतिक आहे. एका स्वराची कंपने सेकंदाला ४४० आणि दुसऱ्याची ४६६ असतील, तर दोन्ही मिळून सेकंदाला २६ वेळा आवाज चढतो-उतरतो. हे हेल्महोल्ट्झ या जर्मन शास्त्रज्ञाने १८६३ च्या आपल्या ग्रंथात मांडले. म्हणजे विसंवादी स्वर निसर्गानेच त्याज्य ठरवले, असा युक्तिवाद केला जातो.

या युक्तिवादाची उलटतपासणी झालेली आहे. २०१६ साली 'नेचर' या नियतकालिकात एक संशोधन प्रसिद्ध झाले. बोलिव्हियाच्या जंगलात राहणाऱ्या त्सिमाने लोकांना संशोधकांनी संवादी आणि विसंवादी असे दोन्ही प्रकारचे स्वरमेळ ऐकवले. या लोकांच्या संगीतात अनेक स्वर एकत्र वाजवण्याची प्रथा नाही. निव्वळ खरखर त्यांनाही आवडली नाही, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. परंतु संवादी आणि विसंवादी स्वरमेळ मात्र त्यांना सारखेच गोड वाटले! म्हणजे अमुक स्वरमेळ मधुर आणि तमुक कर्कश, हा निवाडा बऱ्याच अंशी सवयीने शिकवलेला आहे.

तालाच्या बाबतीतला पुरावा तर याहून बोलका आहे. हॅनन आणि ट्रेहब या दोन संशोधिकांनी २००५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत बाल्कन देशांतील विषम ताल वापरले. त्या तालात मुद्दाम केलेला बिघाड उत्तर अमेरिकेतील प्रौढांना नीट ओळखता आला नाही. बल्गेरिया-मॅसेडोनियाकडील प्रौढांना तो ओळखता आला, कारण ते हेच ऐकत वाढले होते. आणि उत्तर अमेरिकेतीलच सहा महिन्यांच्या बाळांना? त्यांनाही ओळखता आला! वर्षभराची झाली की ही बाळे मोठ्यांसारखीच अडखळू लागतात. मात्र दोन आठवडे घरी तसले संगीत ऐकवले, तर त्यांना ते पुन्हा जमते. मोठ्यांना तेवढ्याने जमले नाही.

विचारी वाचकांनी याचा अर्थ लक्षात घ्यावा. विषम ताल न कळणे हा जन्माचा गुण नव्हे. उलट, जन्मतः सर्व दारे उघडी असतात. नंतर संस्कार ती एकेक करून लावून घेतो. मग ज्याचे दार बंद झाले, त्यानेच 'तो बेताल आहे' असा निवाडा द्यावा, हा कोणता न्याय?

'हे संगीत शिकल्या-सवरलेल्यांचे कोडे आहे' असाही आक्षेप घेतला जातो. तो टिकत नाही. या बँडवाल्यांनी तुकडे बहुतेक एकत्र बसून, मोठ्याने मोजून आणि शंभरदा वाजवून बसवले. ज्यांना असे संगीत रचायचे आहे, त्यांनी हाच मार्ग धरावा. चार मात्रांचा एक साधा तुकडा घ्यावा आणि शेवटची अर्धी मात्रा कापून टाकावी. साडेतीन मात्रांचे, म्हणजे सात अर्ध्यांचे, माप तयार होते. ते सावकाश वाजवावे. आकडे विसरून अंगात भिनेपर्यंत वाजवावे. मगच दुसऱ्या वाद्याला त्याच्याशी भांडू द्यावे.

पैशाची मिजासही येथे नाही. शेलॅकचे स्टीव्ह अल्बिनी हे मोठे ध्वनिमुद्रक होते. १९९३ साली 'निर्वाणा' या गाजलेल्या बँडचा अल्बम ध्वनिमुद्रित करताना त्यांनी विक्रीतील वाटा नाकारला आणि ठरलेली मजुरी तेवढी घेतली. संगीत ज्यांचे, पुढची कमाई त्यांची, ही त्यांची भूमिका होती. ७ मे २०२४ रोजी त्यांचे निधन झाले आणि दहाच दिवसांनी शेलॅकचा शेवटचा अल्बम बाहेर आला.

याचा अर्थ जे जे अवघड ते ते थोर, असा मात्र कोणी काढू नये. मात्रा तेरा आहेत म्हणून गाणे श्रेष्ठ ठरत नाही. केवळ मोजदादीचा तोरा मिरवणारे मॅथ रॉकही पुष्कळ आहे आणि ते कंटाळवाणेच आहे. जपानमधील क्योटो शहरात २०१० साली तीन तरुणींनी सुरू केलेला 'ट्रिको' हा बँड ऐकावा. खाली ताल क्षणाक्षणाला कूस बदलतो आणि वर चाल मात्र गुणगुणता येईल अशी असते. स्लिंटच्या गाण्यात बुडालेल्या जहाजाच्या कप्तानाची गोष्ट येते, तेव्हा तो अस्वस्थ करणारा स्वर हवाच असतो. भीती गोड स्वरात कशी सांगणार? अडखळणारा ताल आणि टोचणारा स्वर काही सांगण्यासाठी आला आहे काय, ही खरी कसोटी.

आज आपल्याही घरांतून मुलांच्या हाती गिटार आली आहे, कानात जगभरचे संगीत आहे. त्यातला एखादा मुलगा, एखादी मुलगी सातच्या मापात काही वाजवू लागली, तर 'नीट वाजव' म्हणून दटावण्यापूर्वी 'किती मात्रांचे आहे?' एवढे विचारा. मग त्याच्याबरोबर बोटांवर मोजा. एका ऐकण्यात कळणार नाही, मोठ्यांना तर थोडा अधिकच वेळ लागेल. तो द्यावा. आरोपीचे म्हणणे ऐकल्याशिवाय निकाल देऊ नये, हा नियम केवळ कोर्टापुरता नाही.