नावे तीन, लेखणी एक

१९३३ साली ‘कळ्यांचे निःश्वास’ने महाराष्ट्र ढवळून काढला, तेव्हा मुखपृष्ठावर नाव होते विभावरी शिरूरकर. लेखणी होती बाळूताई खरे यांची. १९३८ च्या विवाहानंतर त्या मालतीबाई बेडेकर झाल्या. जुन्या ग्रंथसूचीत ‘पाहा’ एवढाच शब्द लिहिलेले कार्ड अशी नावे जोडून देई. संगणकीय सूचीत ती जोड तुटली, तर एका थोर लेखिकेच्या तीन अपुऱ्या लेखिका होतात. २०१२ पासून ‘ऑर्किड’ ही संस्था संशोधकांना नाव बदलले तरी कायम राहणारा १६ अंकी क्रमांक देते. दिवंगतांसाठी तो कोण मागणार? ते कर्तव्य ग्रंथपालांचेच. छापलेले नाव खोडू नये, सर्व नावे जोडावीत. हयात लेखकाने मात्र जुने नाव झाकावयास सांगितले, तर त्याचाच शब्द अखेरचा मानावा, असे आमचे स्पष्ट मत आहे.