फाटकाबाहेर महाग, फाटकाआत स्वस्त

या आठवड्यात डोकं फिरवलं ते एका वर्क ऑर्डरने. पुण्याच्या पश्चिमेला बारा मजली इमारतीचं आरसीसीचं काम घेतलेल्या एका मध्यम ठेकेदाराने ती प्रस्तुत लेखकापुढे टाकली. सिमेंट कुठल्या ग्रेडचं, क्युरिंग किती दिवस, शटरिंगच्या प्लेटा कुणाच्या, लेबरने जिन्यात गुटखा थुंकला तर दंड किती, सगळं तपशीलवार. विम्याचं कलम मात्र एका ओळीचं: ‘सर्व आवश्यक विमे कंत्राटदाराने स्वखर्चाने काढावेत.’ आवश्यक म्हणजे कोणते, किती रकमेचे, कधीपर्यंतचे, याचा पत्ता नाही. लगेच पुढच्या कलमात स्टॅम्प पेपरवरचा इंडेम्निटी बाँड. साइटवर काहीही घडलं तरी बिल्डरचा संबंध नाही, असं ठेकेदाराने लिहून द्यायचं.

स्टॅम्प पेपर हा ‘ओळंबा’ या सदराचा जुना वैरी, हे नेहमीच्या वाचकांना ठाऊक आहे. ऑक्टोबर 2024मध्ये शंभराचा कागद पाचशेचा झाला. तेवढी त्याची किंमत वाढली. ताकद होती तेवढीच आहे. बांधकाम हाच ज्याचा धंदा आहे त्याने काम ठेकेदाराला दिलं, तरी मजुराच्या वारसांना भरपाई थेट त्याच्याकडूनच मागता येते, असं 1923च्या भरपाई कायद्याचं 12वं कलम सांगत होतं. ती त्याने मागाहून ठेकेदाराकडून वसूल करावी. 21 नोव्हेंबर 2025 पासून हा कायदा सामाजिक सुरक्षा संहितेत विलीन झाला, पण तत्त्व तेच राहिलं. बाँड हा बिल्डर आणि ठेकेदार यांच्यातला मामला आहे. मेलेल्या गवंड्याच्या बायकोने त्यावर सही केलेली नसते.

आता त्याच साइटच्या फाटकावर येऊ. वॉचमनच्या केबिनमध्ये दोन रजिस्टरं होती. एक गाड्यांचं: हायवाचा नंबर, चलन, फिटनेस, पीयूसी, विम्याची मुदत. कागद संपलेली गाडी आत सोडायची नाही, असा साहेबांचा हुकूम. दुसरं माणसांचं. त्या दिवशीच्या पानावर मुकादमाचं नाव आणि पुढे ‘गवंडी 6, बिगारी 14, सेंटरिंग 11’ एवढंच. यांच्यापैकी कुणाच्या विम्याची मुदत कधी संपते, हे विचारायचं वॉचमनला कुणी सांगितलेलं नाही. त्याचा दोष नाही. गाडीचे कागद कायद्याने सक्तीचे केले आहेत, माणसांचं रजिस्टर हजेरीसाठी आहे.

या दोन रजिस्टरांतला फरक रुपयांत मांडून पाहण्यासारखा आहे. तीस वर्षांचा एक गवंडी धरू. महिन्याला चोवीस हजार कमावतो; घरी बायको, दोन मुलं, म्हातारी आई. सकाळी फाटकाबाहेर चहा पिताना मुरमाच्या हायवाने त्याला उडवलं, तर प्रकरण मोटार अपघात न्यायाधिकरणाकडे जातं. तिथला हिशेब ठरलेला आहे. वर्षाचं उत्पन्न 2,88,000. माणूस चाळिशीच्या आतला आणि पक्क्या नोकरीत नाही, म्हणून 2017च्या घटनापीठाच्या निकालानुसार पुढच्या वाढीपोटी त्यात 40 टक्के मिळवायचे. अवलंबून असलेले चौघे, म्हणून त्याच्या स्वतःच्या खर्चापोटी एक चतुर्थांश वजा. उरलेल्याला 17ने गुणायचं. उत्तर येतं 51,40,800. शिवाय अंत्यविधी वगैरे किरकोळ रकमा वेगळ्या. उत्पन्नाचा पुरावा नसेल तर न्यायाधिकरण आकडा खाली ओढतं, हे मान्य. तरी द्यायला समोर विमा कंपनी उभी असते, कारण मोटार वाहन कायद्याच्या 146व्या कलमानुसार तृतीय पक्ष विम्याशिवाय गाडी रस्त्यावर आणताच येत नाही.

आता हाच गवंडी चहा संपवून आत गेला आणि सहाव्या मजल्यावरच्या परांचीवरून खाली आला. इथे सूत्र निराळं: महिन्याच्या मजुरीचा निम्मा भाग गुणिले वयाचा गुणक. तीस वर्षांसाठी गुणक 207.98. मात्र जानेवारी 2020मध्ये ठरलेल्या मर्यादेनुसार मजुरी पंधरा हजारांच्या वर धरायची नाही. तो चोवीस कमवो की चाळीस. म्हणजे साडेसात हजार गुणिले 207.98. झाले 15,59,850.

माणूस तोच, वय तेच, घरची माणसंही तीच. फाटक ओलांडल्यावर त्याचा भाव एक तृतीयांशाच्याही खाली गेला. आता कुणी म्हणेल की दोन कायद्यांची जात वेगळी. एकात गाडीवाल्याची चूक सिद्ध करावी लागते, दुसऱ्यात कुणाची चूक होती हे विचारतच नाहीत, म्हणून रक्कम कमी. मुद्दा बरोबर आहे. पण मग निदान ती कमी रक्कम तरी हमखास मिळावी ना? तीही ठेकेदाराच्या खिशावर अवलंबून. त्याने मजुरांचा विमा काढलाच पाहिजे, अशी सक्ती भरपाईच्या कायद्याने कधी केली नाही.

ही सक्ती नसण्याचे परिणाम सर्वोच्च न्यायालयानेच एकदा उलगडून दाखवले आहेत. भरपाई महिन्याच्या आत दिली नाही तर 12 टक्के व्याज लागतं, आणि सबळ कारण नसेल तर निम्म्यापर्यंत दंड. हे व्याज कुणी भरायचं? अपघात गाडीचा असेल तर विमा कंपनीने, दंड मात्र मालकाने, असं न्यायालय 1997मध्ये म्हणालं. मग 2006मध्ये न्यू इंडिया अॅशुरन्सच्या दाव्यात प्रश्न आला साध्या कामगार भरपाई पॉलिसीचा, आणि उत्तर उलटं आलं. गाडीचा विमा कायद्याने सक्तीचा, म्हणून त्यात कंपनीला हवी तशी कात्री लावता येत नाही. कामगाराचा विमा हा खाजगी करार, त्यात ‘व्याज आम्ही देणार नाही’ असं लिहिलं असेल तर ते चालतं. तेव्हापासून पॉलिसीच्या बारीक अक्षरांत ही ओळ बसलेली असते, आणि दावा दहा वर्षं रेंगाळला की मूळ रकमेहून जड झालेलं व्याज ठेकेदाराच्या बोकांडी बसतं. ‘विमा होता की साहेब’ म्हणत कोर्टाबाहेर उभा राहिलेला ठेकेदार याच ओळीने मारलेला असतो.

ठेकेदारांची बाजूही आहेच. त्यांना विम्याचं वावडं असतं असं नाही. जिथे कुणी मानगुटीवर बसतं तिथे ते मुकाट्याने काढतात. बँकेच्या कर्जावर घेतलेल्या जेसीबीचा आणि टॉवर क्रेनचा विमा चुकत नाही, कारण बँक चुकू देत नाही. सरकारी काम घेतलं तर निविदेतच अट असते की विमा राज्याच्या विमा संचालनालयाकडूनच, वांद्र्याच्या शासकीय विमा निधीतूनच काढायचा. बाहेरच्या कंपनीची पॉलिसी आणली तर ती चालत नाही, आणि निधीचा हप्ता बिलातून परस्पर कापला जातो. हप्ता कापायला सरकार किती तत्पर! बिलं द्यायची वेळ आली की हेच सरकार कसं वागतं, हे थकबाकीसाठी 2025मध्ये रस्त्यावर उतरलेल्या कंत्राटदारांना विचारावं. पण या अटीतून एक गोष्ट सिद्ध होते. सक्ती करणं शक्य आहे, आणि सरकारला ती करता येते. फक्त ती स्वतःच्या कामापुरती, स्वतःच्या गल्ल्यासाठी केली आहे.

खाजगी साइटवर ठेकेदार दोन कागद दाखवतो. पहिला कॉन्ट्रॅक्टर्स ऑल रिस्क, म्हणजे ‘कार’ पॉलिसी. नाव ‘ऑल रिस्क’ असलं तरी चुकीच्या डिझाइनचं नुकसान मुळात त्यात धरलेलं नसतं. ते जादा हप्ता भरून मागून घ्यावं लागतं. शेजारच्या इमारतीला तडे गेले तर त्याचंही कलम वेगळं. तृतीय पक्षाच्या भागात ठेकेदाराचे स्वतःचे मजूर येतच नाहीत. त्यांच्यासाठी दुसरा कागद, कामगार भरपाईची पॉलिसी. तिचा हप्ता वर्षभराच्या अंदाजे मजुरीवर ठरतो, आणि तो अंदाज लिहून देतो ठेकेदार. इथे सगळी गोम आहे. कागदावर वीस माणसं. स्लॅबच्या दिवशी मजूर अड्ड्यावरून टोळी येते आणि वर नव्वद जण असतात. टोळी उपठेकेदाराची, त्याचे मजूर पॉलिसीत स्वतंत्र दाखवून जादा हप्ता भरायचा असतो, हे त्याला कुणी सांगितलेलं नाही आणि त्याने विचारलेलंही नाही. रोजंदारीवरच्या मजुरालाही 2000 सालच्या दुरुस्तीने भरपाईच्या कायद्यात आणलं. पॉलिसीत तो अजून यायचा आहे.

आणि जो मजूर मजूर म्हणून मरत नाही, त्याचं काय? 29 जून 2019च्या पहाटे पुण्यात कोंढव्याला एका सोसायटीची सीमाभिंत शेजारच्या साइटवरच्या पत्र्याच्या खोल्यांवर कोसळली. पंधरा जण गेले, त्यात मुलंही होती. कामगार झोपलेले होते. विम्याच्या चौकटीत घालून पाहिलं की लगेच प्रश्न उठतात. झोपलेला कामगार ‘कामाच्या ओघात’ होता का? साइटवर राहायला लावलं म्हणजे होता, असा युक्तिवाद करता येतो, करावा लागतो. त्याचं मूल तर कामगार नाही, म्हणजे भरपाईच्या कायद्याबाहेर. मग ते तृतीय पक्ष का? कुणाच्या पॉलिसीतला, भिंत ज्यांची त्यांच्या की खोल्या ज्यांनी बांधल्या त्यांच्या? गाडीखाली सापडलेल्या मुलाबद्दल यातला एकही प्रश्न कुणी विचारत नाही.

यावर ठरलेलं उत्तर येतं: ‘आम्ही सेस भरतो.’ भरतात, बांधकाम खर्चाच्या एक टक्का. त्या पैशातून कल्याणकारी मंडळ नोंदीत कामगाराच्या वारसांना कामावरच्या मृत्यूबद्दल पाच लाख देतं. नोंदणीला आधीच्या वर्षात नव्वद दिवस काम केल्याचा दाखला लागतो, आणि कालच अड्ड्यावरून आलेल्या पोराकडे तो नसतो. सेस हा सेस आहे. त्याने ठेकेदाराची एक रुपयाचीही जबाबदारी कमी होत नाही.

दुसरं ठरलेलं उत्तर: घरं महागतील. फ्रान्समध्ये 1978च्या स्पिनेटा कायद्याने दहा वर्षांच्या दायित्वाचा विमा काढल्याशिवाय बांधकामाला हात लावायची सोय ठेवली नाही, तरी फ्रेंच लोक घरं बांधतात. आपल्याकडे आकडेवारी कुणी ठेवत नाही, त्यामुळे पुढचं विधान निव्वळ डोळ्यांच्या भरवशावर: भूमिपूजनाचा मांडव, ढोल-ताशा, नेत्याचे फ्लेक्स आणि ड्रोनवाला यांच्या बिलात वीस मजुरांचा वर्षाचा हप्ता सहज बसावा. नारळ फोडायला कुणी कोटेशन मागवत नाही.

सरकारने तरी काय केलं? वीस ते चाळीस टनांच्या मालवाहू गाडीचा तृतीय पक्ष हप्ता 2022च्या अधिसूचनेत 43,950 रुपये असा ठरवून दिला, आणि सप्टेंबर 2025मध्ये मालवाहू गाड्यांच्या या हप्त्यावरचा जीएसटी 12 टक्क्यांवरून 5वर आणला. वाहतूकदारांची संघटना मजबूत, त्यांचं अभिनंदन. मजुरांच्या पॉलिसीवर 18 टक्के आहेत तसेच. रेरा कायद्याच्या 16व्या कलमात प्रकल्पाच्या बांधकामाच्या विम्याचा उल्लेख आहे खरा, पण ‘सरकार अधिसूचित करील तो विमा’ अशा शब्दांत, आणि तोही फ्लॅट घेणाऱ्याच्या भल्यासाठी. बिगारी त्यात नाहीच. संहितेने नऊ कायदे ढवळले तेव्हा एक वाक्य घालायला संधी होती: विम्याच्या प्रतीशिवाय काम सुरू करण्याचा दाखला मिळणार नाही. महापालिका तो दाखला देताना अग्निशमन, वृक्ष, पाणी अशा नाना खात्यांच्या नाहरकती बघते. त्यात एक कागद वाढला असता.

तोवर ज्याच्या हातात पॉलिसी आहे त्याने निदान तारखा तपासाव्यात. ‘कार’ पॉलिसी प्रकल्पाच्या मुदतीएवढी असते. काम चोवीस महिन्यांचं धरलं असेल आणि ते चाळीसपर्यंत गेलं, जे या गावात नवीन नाही, तर मधले सोळा महिने मुदतवाढ घ्यावी लागते. पुराच्या आणि कोसळण्याच्या दाव्यांत ठेकेदाराने स्वतः सोसायचा वाटाही बहुधा मोठा असतो. मुदतवाढीचा हप्ता भरायची आठवण पुष्कळांना होते ती जुलैत तळघरात पाणी शिरल्यावर. तेव्हा एजंट विमा कायद्याचं 64 व्हीबी कलम वाचून दाखवतो: हप्ता हाती पडेपर्यंत कंपनीवर जोखीम नाही.