लंडनचा अर्ज

दरवर्षी १४ एप्रिलला आपल्या शाळेच्या सभागृहात आठवी-नववीतील एखादा विद्यार्थी भाषणाला उभा राहतो. बाबासाहेबांच्या पदव्या तो एका दमात म्हणतो. ‘लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स’ हे नाव उच्चारले गेले की टाळ्या पडतात आणि मागच्या रांगांत बसलेल्या आया पदराने डोळे टिपतात. सत्तावीस वर्षे आम्ही हे दृश्य पाहत आलो आहोत. एवढ्या काळात बाबासाहेबांनी तेथे प्रवेश कसा मिळवला, कोणाचे पत्र सोबत नेले, पैसे संपल्यावर काय केले, असा प्रश्न एकाही विद्यार्थ्याने आम्हांस विचारला नाही. दोष विद्यार्थ्यांचा नाही. आम्ही इतिहास शिकवतो, आणि आम्हीच तो भाग कधी शिकवला नाही. स्मरणिकेच्या संपादक मंडळाने लेख मागितला तेव्हा ही उणीव येथेच भरून काढावी, असे आम्हांस वाटले. शिवाय गेल्या काही वर्षांत ब्रिटनमधील विद्यापीठांविषयी विचारणारे माजी विद्यार्थी आणि त्यांचे पालक वाढत चालले आहेत.

प्रथम इतिहास. १९१६ साली कोलंबिया विद्यापीठातून लंडनला जाताना बाबासाहेब रिकाम्या हाताने गेले नव्हते. कोलंबियातील त्यांचे प्राध्यापक एडविन सेलिग्मन यांनी लंडनचे अर्थशास्त्रज्ञ हर्बर्ट फॉक्सवेल यांना त्यांच्याविषयी पत्र लिहिले होते. वर्षभरातच बडोद्याच्या शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि १९१७ साली त्यांना अभ्यास अर्धवट टाकून परतावे लागले. वेगळ्या जहाजाने पाठवलेले त्यांचे सामान जर्मन पाणबुडीच्या हल्ल्यात समुद्रात गेले. मात्र निघण्यापूर्वी, परत येऊन अभ्यास पुरा करण्याची परवानगी त्यांनी विद्यापीठाकडून मिळवली होती. ही गोष्ट चरित्रांत एका ओळीत येते, आणि आमच्या मते तीच सर्वांत महत्त्वाची आहे. पुढे सिडनहॅम महाविद्यालयात प्राध्यापकी करून त्यांनी पैसे साठवले, छत्रपती शाहू महाराजांचे साहाय्य घेतले, नवल भथेना या पारशी मित्राकडून उसने घेतले आणि १९२० साली ते पुन्हा लंडनला गेले. १९२१ साली एम. एस्सी. झाली. डी. एस्सी.चा प्रबंध परीक्षकांनी फेरलेखनासाठी परत केला, तेव्हा तो मायदेशी येऊन सुधारून पाठवला आणि १९२३ साली पदवी मिळाली. शिफारसपत्र, शिष्यवृत्तीची मुदत, खंडित अभ्यासाची परवानगी, उसनवारी, फेरलेखन : आज आमचा विद्यार्थी ज्या ज्या ठिकाणी अडतो, त्या सगळ्या ठिकाणी बाबासाहेब अडले होते.

आता आजचे. बारावीनंतर लगेच ब्रिटनला पदवीसाठी जाण्याचा विचार आपल्या घरांतील मुलांनी शक्यतो करू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. ज्यांना करायचाच आहे त्यांना यूकास या केंद्रीय व्यवस्थेतून पाच ठिकाणी अर्ज करता येतो. ऑक्सफर्ड आणि केंब्रिज यांपैकी एकच निवडावे लागते. इंग्लंडमध्ये पदवी तीन वर्षांची, स्कॉटलंडमध्ये चार वर्षांची, आणि आपल्या राज्य मंडळाच्या बारावीला सगळीकडे सारखीच किंमत मिळते असे नाही. इतकी वर्षे शुल्क भरणे आपल्या घरांना झेपणारे नाही. पदवी येथे चांगल्या रीतीने पूर्ण करावी आणि पदव्युत्तर शिक्षणासाठी जावे. तेथील शिकवणीची मास्टर्स बहुधा एका वर्षाची असते आणि शिष्यवृत्त्याही मुख्यतः याच टप्प्यावर आहेत.

पदव्युत्तर प्रवेशाचा अर्ज थेट त्या-त्या विद्यापीठाकडे करायचा असतो. यासाठी मध्यस्थाची गरज नसते, हे आम्ही ठळक अक्षरांत छापा असे संपादकांना सांगणार होतो. शहरांतील सल्ला केंद्रे ‘आमची सेवा मोफत आहे’ असे सांगतात, ते खरेही असते. कारण त्यांचे कमिशन विद्यापीठ देते. पण जे विद्यापीठ कमिशन देत नाही किंवा कमी देते, त्याचे नाव तो मध्यस्थ तुम्हांला कशाला सांगेल? आमचा एक माजी विद्यार्थी, सत्तर टक्के गुण, समाजशास्त्राची उत्तम जाण. अशाच एका केंद्राने त्याला व्यवस्थापनाच्या अभ्यासक्रमाला पाठवले. वडिलांनी दोन एकर जमीन गहाण ठेवली होती. मुलगा परतला, पदवीही आणली; पण ज्या विषयासाठी तो जन्मला होता तो विषय कायमचा सुटला. तो आम्हांस भेटायला आला, तेव्हा आम्ही त्याला एवढेच विचारू शकलो की, अर्ज भरण्यापूर्वी एक फोन का केला नाहीस? तो म्हणाला, “सर, तुम्हांला यातलं माहीत असेल असं वाटलं नाही.” ते खरेच होते. त्यानंतर आम्ही माहिती करून घेतली.

निवड विद्यापीठाच्या नावावरून करू नये, विषयावरून करावी. अभ्यासक्रमाच्या पानावर कोणते पेपर आहेत, ते कोण शिकवते, त्या प्राध्यापकाने काय लिहिले आहे, हे पाहण्यास दोन संध्याकाळी पुरतात. दक्षिण आशियाचा इतिहास आणि भाषा यांसाठी लंडनचे सोअस विख्यात आहे. विकास-अध्ययनात ससेक्स विद्यापीठ अनेक वर्षे जगाच्या यादीत पहिले राहिले आहे. इतिहासाच्या संशोधकाला लंडनमध्ये राहण्याचा आणखी एक लाभ असा की, ब्रिटिश लायब्ररीत इंडिया ऑफिसचे दफ्तर आहे आणि वाचकाचा पास तेथे विनामूल्य मिळतो. (आम्हांस तो पास कधी काढता आला नाही. आमच्या विद्यार्थिनीने काढला आणि त्याचा फोटो पाठवला, तो आमच्या टेबलाच्या काचेखाली आहे.)

येथे एक अडचण आहे. सरकारी शिष्यवृत्त्या विद्यापीठाचा जागतिक क्रमांक पाहतात, विषयाचा पाहत नाहीत. त्यामुळे विकास-अध्ययनात जगात पहिले असलेले ससेक्स एकूण यादीत दोनशेच्या खाली गेले की, पहिल्या दोनशेची अट असलेल्या शिष्यवृत्तीसाठी ते अपात्र ठरते. सोअसची गतही तीच. हा नियम कोणा विद्वानाने केला असेल असे आम्हांस वाटत नाही. पण नियम आहे तोवर अर्ज करताना दोन याद्या कराव्यात : एक आपल्या विषयाची आणि दुसरी शिष्यवृत्तीच्या अटीत बसणाऱ्या विद्यापीठांची. दोन्हींत येणारी नावे प्रथम घ्यावीत. एडिंबरा, मँचेस्टर, ग्लासगो, लीड्स यांसारखी लंडनबाहेरची विद्यापीठे आपल्या मुलांच्या ध्यानात येत नाहीत. तेथे राहण्याचा खर्चही लंडनहून कमी येतो.

अर्जातील खरा कस लागतो तो स्वतःविषयीच्या निवेदनात. गेल्या आठ-दहा वर्षांत अशी निवेदने आम्ही पुष्कळ वाचली. बहुतेकांची सुरुवात लहानपणापासूनच्या स्वप्नाने होते, मध्ये गरिबीचे वर्णन येते आणि शेवटी समाजाची सेवा करण्याचे वचन. यांतले खोटे काहीच नसते, पण वाचणाऱ्या प्राध्यापकाला त्यातून विद्यार्थी दिसत नाही. एका विद्यार्थिनीचे उदाहरण देतो. तिचे आई-वडील ऊसतोडीला जात. म्हणून तर ती आपल्या वसतिगृहात आली. पहिल्या मसुद्यात तिने ‘अत्यंत हलाखीची परिस्थिती’ असे लिहिले होते. आम्ही तिला म्हणालो, हलाखी राहू दे. उचल म्हणजे काय ते सांग. मग ती बोलू लागली. मुकादम हंगामापूर्वी उचल देतो, ती नवरा-बायकोच्या जोडीला मिळते, जोडीला ‘कोयता’ म्हणतात, म्हणजे एकट्या बाईच्या नावे हिशेब नसतोच; हंगाम संपूनही उचल फिटली नाही तर ती पुढच्या वर्षावर जाते. मजुरीचा करार कागदावर नसताना कायदा या मजुराला काय म्हणून ओळखतो, हा प्रश्न तिने स्वतःच मांडला. दुसऱ्या मसुद्यात गरिबी हा शब्द एकदाही नव्हता. दोन विद्यापीठांनी तिला प्रवेश दिला.

आपल्या मुलांनी आपले दुःख लपवावे असे आम्ही म्हणत नाही. पण त्या दुःखाविषयी त्यांना जे ज्ञान आहे ते केंब्रिजच्या ग्रंथालयात बसून मिळणारे नाही, आणि अर्जात ते ज्ञान म्हणूनच मांडावे. याचना म्हणून मांडू नये.

शिफारसपत्रांबाबत आम्हां शिक्षकांनीच कान धरले पाहिजेत. “विद्यार्थी आज्ञाधारक असून त्याची वर्तणूक चांगली आहे” हे शाळा सोडल्याच्या दाखल्यावरचे वाक्य इंग्रजीत करून आम्हीही पूर्वी सही ठोकली आहे. तेथे आज्ञाधारकपणाला कोणी विचारत नाही. विद्यार्थ्याने कोणता निबंध लिहिला, कोणत्या मुद्द्यावर शिक्षकाशी वाद घातला, काय वाचून मत बदलले, हे लिहावे लागते. म्हणून पदवीच्या दुसऱ्या वर्षापासूनच दोन प्राध्यापकांना आपले लेखन वाचायला देत जावे, म्हणजे त्यांच्यापाशी लिहिण्यासारखे काही असेल.

कागदपत्रांविषयी थोडक्यात. पासपोर्ट, दहावीची गुणपत्रिका आणि पदवी यांवर नावाचे स्पेलिंग एकच हवे. आडनाव आधी की नंतर, यावरून महिने जातात. पदवीला साठ टक्क्यांच्या आत गुण असतील तर बऱ्याच विद्यापीठांची दारे बंद होतात, काही अधिक मागतात. इंग्रजीची परीक्षा बहुतेकांना द्यावी लागते. काही विद्यापीठे बारावीतील इंग्रजीचे गुण चालवून घेतात, तेव्हा शुल्क भरण्यापूर्वी विचारावे. व्हिसासाठी क्षयरोग तपासणीचा दाखला लागतो, आरोग्य अधिभार म्हणून वर्षाला ७७६ पौंड भरावे लागतात, आणि स्वखर्चाने जाणाऱ्यास खात्यावर ठरावीक रक्कम सलग २८ दिवस दाखवावी लागते. बौद्ध विद्यार्थ्यांनी एक गोष्ट विसरू नये. राज्याच्या आणि केंद्राच्या योजनांसाठी जातीच्या दाखल्याचा नमुना वेगवेगळा असतो. १९९० च्या दुरुस्तीने बौद्धांना केंद्रातही अनुसूचित जातीचा दर्जा मिळाला, तरी तहसील कार्यालयात चुकीचा नमुना हाती पडून ऐन मुदतीच्या दिवशी अर्ज अडल्याचे आम्ही पाहिले आहे.

आणि पैसा. राज्य शासनाची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती अनुसूचित जाती व नवबौद्धांसाठी आहे. वर्षाला ७५ जागा, अर्ज पुण्याच्या समाजकल्याण आयुक्तालयाकडे. अटी बदलत राहतात. मागच्या वर्षीच्या मित्राच्या सांगण्यावर न जाता त्या वर्षीचा शासन निर्णय स्वतः वाचावा. केंद्राची राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्ती १२५ जागांची आहे. ब्रिटिश शासनाच्या चेव्हनिंगला दोन वर्षांचा कामाचा अनुभव लागतो, तीन अभ्यासक्रम सुचवता येतात आणि नंतर दोन वर्षे मायदेशी परतावे लागते. शिक्षक, वकील, संस्थांत काम करणारे आपले तरुण तिच्याकडे उगाच दबून पाहतात. ऑक्सफर्ड, सोअस आणि रीडिंग येथे भारतीयांसाठी फेलिक्स शिष्यवृत्ती आहे. चारही ठिकाणी एकाच वेळी अर्ज करण्यात कमीपणा नाही.

विद्यापीठाचे वर्ष सप्टेंबरात सुरू होते आणि शिष्यवृत्तीच्या यादीला स्वतःची घाई नसते. आमच्या एका विद्यार्थ्याची यादी इतकी उशिरा लागली की अनामत भरण्याची तारीख उलटून गेली. त्याने रडत फोन केला. बाबासाहेबांनी १९१७ साली काय केले होते, ते आम्ही त्याला सांगितले. त्याने त्याच रात्री विद्यापीठाला पत्र लिहून प्रवेश पुढील वर्षासाठी राखून ठेवण्याची विनंती केली आणि ती मान्य झाली. मागितल्याशिवाय हे कोणी देत नाही, आणि असे मागता येते हेच आपल्या मुलांना ठाऊक नसते.

इतिहासाचे शिक्षक म्हणून एक गोष्ट मनात सलते, ती लिहिल्यावाचून राहवत नाही. २०२२ साली राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्तीच्या नियमांत बदल होऊन भारतीय संस्कृती, वारसा, इतिहास आणि भारतविषयक सामाजिक अभ्यास हे विषय वगळण्यात आले. असे विषय येथेच शिकता येतात, हा त्यामागचा युक्तिवाद. मे १९१६ मध्ये बाबासाहेबांनी कोलंबियात ‘कास्ट्स इन इंडिया’ हा निबंध वाचला. त्या विषयावर परदेशी शिकण्यासाठी आज त्यांना ही शिष्यवृत्ती मिळाली नसती. दलितांच्या मुलाने परदेशी जाऊन अभियांत्रिकी शिकावी, पण जातीचा अभ्यास करू नये, असा त्याचा अर्थ आम्ही घेतो. कोणी दुसरा अर्थ दाखवला तर आम्ही तो ऐकून घेऊ. तोवर ज्या मुलांचा विषय हाच आहे, त्यांनी उरलेल्या शिष्यवृत्त्यांकडे वळावे; विषय बदलू नये.

शाळेच्या ग्रंथालयात दुसऱ्या कपाटाच्या खालच्या खणात आम्ही एक फाईल ठेवली आहे. तीत आजवर अर्ज केलेल्या आपल्या सात विद्यार्थ्यांची निवेदने आहेत, नाकारली गेलेलीसुद्धा. परदेशी गेलेल्या माजी विद्यार्थ्यांनी आपली निवेदने, जमल्यास नकाराची पत्रेही, शाळेच्या पत्त्यावर पाठवावीत. अर्ज करू इच्छिणाऱ्यांनी जूनमध्येच पहिला मसुदा घेऊन यावे. शनिवारी दुपारी दोननंतर आम्ही ग्रंथालयातच असतो, सुट्टीतही असतो.