तासाभराचा निबंध

गेल्या वर्षी एम.ए.च्या प्रवेश परीक्षेत निबंध आला, भाषा आणि राज्य. वेळ एक तास. आपल्या घरचाच विषय की! मी 1956 पासून सुरू केलं, 1967 चा महाजन अहवाल, 2004 चा सुप्रीम कोर्टातला दावा... माझं म्हणणं लिहायच्या आत पेपर काढून घेतला.

दोस्तांनो, आपण सीमाभागातली पोरं इथंच फसतो. इतिहास तोंडपाठ, मुद्दा शेवटी.

आता पहिली दहा मिनिटं मी उत्तरपत्रिकेला हात लावत नाही. आधी कच्च्या कागदावर एकच वाक्य ठरवतो. उदाहरणार्थ, घटनेचं कलम 350 अ मातृभाषेतल्या प्राथमिक शिक्षणाची सोय करायचा 'प्रयत्न' करा म्हणतं, सक्ती करत नाही. सगळं अडतं ते तिथं. हे ठरलं की तारखा दोनच पुरतात.

मग समोरची बाजू. राज्यभाषा आली नाही तर इथं नोकरी कशी मिळणार, हा प्रश्न खोटा नाही. तो प्रामाणिकपणे लिहायला मला फार जड गेलं. पण त्याला उत्तर द्यायचं तर कन्नड शिकणं आणि मराठी शाळा टिकणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे नीट मांडावंच लागतं.

शेवटची पाच मिनिटं शुद्धलेखनाला. आपलं 'करालोय' पेपरात शिरतंयच!