ओठातलं कातडं

माझा आजा मेलेलं ढोर ओढायचा, कातडं सोलायचा. त्याची सावली पडली तरी गावची विहीर बाटायची.

आता अमेरिकेचं ऐका. १९८१ साली तिथल्या सरकारनं गाईच्या कातड्यातून काढलेलं कोलॅजन माणसाला टोचायला परवानगी दिली. बायांनी ते ओठात भरून घेतलं. कुणाचं तोंड बाटलं नाही! पण ते काही महिन्यांत विरायचं. मग कायमचं पायजे म्हणून ओठाच्या कोपऱ्यांना चिरा, आत भुयार, त्यात सिलिकॉनची कांडी. कुणाला रेनकोटाच्या गोअर-टेक्सची नळी, कुणाला मेलेल्या माणसाच्या दान केलेल्या कातडीची गुंडाळी. ती सरकते, पिकते, कधी कातडी फोडून बाहेर येते. मग पुन्हा चिरा.

अन् हौस कसल्या ओठांची? जाड! एकोणिसाव्या शतकात तिथले गोरे नट तोंडाला काळं फासून, ओठ मोठे रंगवून नाचायचे, काळ्यांच्या ओठांवर थेटर हसायचं. तेच ओठ आता गोऱ्या दवाखान्यात रोकड्यानं मिळतात. काळ्या पोरीला ते आईकडनं फुकट मिळाले, तर ती कुरूप.

त्या बायांवर माझा राग नाही. ओठ तिचे, मर्जी तिची. मी विचारतो हाताबद्दल. मेलेल्या माणसाची कातडी जिवंत ओठात घालणारा हात डॉक्टरचा, त्याला फी. अन् २०१६ साली गुजरातेत उन्याजवळ मेलेली गाय सोलणारी आमची पोरं उघडी करून, गाडीला बांधून बडवली.

आज्याची रापी अजून घरात हाये. मी ती माळ्यावर टाकलेली नाही.